शरीफ, हात काढ

माझा नवरा कुठल्याही वस्तूला हात लावतो तो उलटा. तळहाताने नाही, बोटांच्या मागच्या बाजूने. दाराची कडी असो, चहाचा कप असो, देवळातली घंटा असो, आधी उलटा हात हलकेच टेकवायचा आणि मग धरायचं. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या गालाला हात लावला तोही असाच. मी म्हटलं, "ताप बघताय की काय माझा?" तर हसलासुद्धा नाही बाबा. मला वाटलं, आपल्या नशिबी भलताच सोवळा नवरा आला. सासूला विचारलं, तर ती म्हणाली, "काम शिकायला होता ना चिपळूणला, तिथली सवय आहे ती. तू लक्ष देऊ नको." लक्ष देऊ नको म्हणे! ज्याच्याशी जन्म काढायचा त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही, तर काय शेजाऱ्याकडे द्यायचं?

नाव रामकृष्ण. नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. समोर अहो-जाहो करते आणि माघारी अरे-तुरे, तेवढा हक्क इतक्या वर्षांत कमावलाय. ओमानात निझवाला एक वर्कशॉप आहे, तिथे तो मोठा मिस्त्री. आसपास खजुराच्या बागा. बागेतल्या पंपाची मोटार जळली की लोक ती पिकअपमध्ये टाकून ह्याच्याकडे आणतात. जळलेली तार काढायची, तांब्याची नवी तार भरायची, वॉर्निश पाजून वाळवायचं आणि चालवून बघायचं, असा हा धंदा. मालक यूनुस अर्बाब, म्हणजे शेठ, भला माणूस. कुटुंब आणायचे नियम सैल झाले तेव्हा त्यानेच खटपट करून मला इकडे आणली. वर्कशॉपच्या मागेच आमच्या दोन खोल्या आहेत.

आले तेव्हा दोन गोष्टींनी मी चक्रावले. पहिली म्हणजे एवढ्या मोठ्या वर्कशॉपात पाण्याचा नळ नाही. पूर्वी होता. रामकृष्णाने रुजू झाल्या झाल्या तो काढून बाहेर अंगणात, टाकीपाशी नेला. उन्हात भाजत हात धुवायला जावं लागतं म्हणून कामगार त्याला मनातल्या मनात शिव्या घालतात.

दुसरी गोष्ट बटणाची. मोटार तयार झाली की स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं असतं. त्याआधी रामकृष्ण मोठ्याने म्हणतो, "शरीफ, हात काढ!" वर्कशॉपात शरीफ नावाचा कोणी नाही. तरी हा म्हणतो, मग इकडे तिकडे बघतो, कुणाची तरी वाट बघावी तसा थांबतो आणि मग बटण दाबतो. हुसेन म्हणून बंगाली हेल्पर आहे, त्याला मराठीचा गंध नाही. पण तोही बटण दाबायच्या आधी म्हणतो, "शोरीफ, हात काढ!" त्याला वाटतं हा मराठी लोकांचा मंत्र आहे, नारळ फोडतात तसा. स्वतः अर्बाबसुद्धा आला की दारातून ओरडतो, "शरीफ, हात काढ, यल्ला!" यल्ला म्हणजे चला, आटपा. सगळे हसतात. रामकृष्ण मात्र हसत नाही.

मला त्या हाकेची भीती वाटायची, खरं सांगते. दुपारी वर्कशॉप बंद असायचं, सगळीकडे सामसूम, आणि हा अंथरुणावर पडल्या पडल्या पुटपुटायचा, "हात काढ रे, हात काढ." हात मात्र ह्याचाच वर उचललेला. उठवलं की घामाने थबथबलेला, आणि नजर टाकीकडच्या खिडकीवर. मी खिडकी बंद केली तर उठून उघडायचा. म्हणायचा, "उघडी असू दे. तो तिथे उभा असला तर दिसायला हवा."

अशाच एका दुपारी माझा संयम सुटला. म्हटलं, "हा शरीफ कोण ते आज सांगा, नाहीतर मी उद्याच्या विमानाने माहेरी जाते." विमानाचे पैसे कुठून आणणार होते देव जाणे. पण तो उठून बसला आणि सांगायला लागला.

चिपळूणला रावजी मिस्त्रीचं वाइंडिंगचं दुकान होतं. बापाने रामकृष्णाला तिथे काम शिकायला ठेवला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. शिकायला ठेवला म्हणजे काय, तर पोरगा मिस्त्रीच्या हवाली केला. झोपायचं दुकानात, टेबलाखाली. मिस्त्रीच्या घरचं पाणी भरायचं, त्याच्या म्हशी धुवायच्या, उरलंसुरलं खायचं. तार तुटली की पंख्याचं पातं पाठीत बसायचं. तार किती भरायची, कुठून कुठे न्यायची, हे मिस्त्री कधी सांगायचाच नाही. पोरं जवळ आली की पाठ करून बसायचा. चोरून बघायचं आणि शिकायचं, आणि बघताना सापडलात तर मार खायचा. असं शिकवणं असतं का हो? माझ्या आजोळी गोठ्यातल्या पाड्यालासुद्धा ह्याहून मायेने वागवायचे.

आणि सगळ्यात वाईट काम टेस्टरचं. मोटार भरून झाली की लोखंडी बॉडीला करंट येतो का ते बघायचं असतं. त्यासाठी दिव्याचा टेस्टर मिळतो, चार पैशांची वस्तू. रावजी मिस्त्री तो आणायचा नाही. पोराला म्हणायचा, "उलटा हात लाव." उलटा अशासाठी, की झटका बसला तर मूठ आपोआप आत वळते आणि हात सुटतो. तळहात लावला तर मोटारीलाच चिकटायचा. म्हणजे बघा, एवढी अक्कल होती मेल्याला! करंट असला की पोरगं फेकलं जायचं आणि गिऱ्हाइकं हसायची. मिस्त्री म्हणायचा, "घाबरायचं नाय. मी पण असाच शिकलो."

शरीफ हा दुसरा शिकाऊ पोरगा. दाभोळकडचा, रामकृष्णाहून लहान. मोठा गमत्या होता म्हणे. झटका बसला की मुद्दाम नाचून दाखवायचा, म्हणजे गिऱ्हाइकं खूश आणि मिस्त्रीही खूश. रामकृष्णाला ताप असला की त्याच्या वाटणीचा उलटा हात शरीफच लावायचा. एका टेबलाखाली, एका गोधडीत दोघं वाढले.

एक दिवस पिठाच्या गिरणीची मोटार आली. गिरणीवाला घाई करत होता. दुकानातल्या नळाखाली शरीफ हात धूत होता, पायाखाली सगळं ओलं. मिस्त्री ओरडला, "ए, हात लाव! रामा, चालू कर!" शरीफने तिथूनच वाकून उजवा हात उलटा करून मोटारीला लावला. डावा हात लोखंडी नळावरच होता, म्हणजे करंट असला तर अंगातून आरपार जाणार. रामकृष्णाने ते बघितलं. त्याच्या तोंडात आलं होतं, की हात काढ. पण मिस्त्री पाठीमागे पातं घेऊन उभा होता. रामकृष्णाने बटण दाबलं.

त्या दिवशी शरीफ नाचला नाही.

रावजी मिस्त्री स्वतः मयत घेऊन दाभोळला गेला. दारातच शरीफच्या आईला म्हणाला, "तुमच्या पोराला फिट आली. आधीपण यायची, आम्ही सांभाळून घेतलं." रामकृष्ण गाडीत मागे बसला होता. त्याला दम दिला होता, की तोंड उघडलंस तर बटण तू दाबलंयस, पोलिसांत तुलाच देईन. पोर ते! गप्प बसलं. पुढे मोठा झाला तरी ती दातखीळ काही सुटली नाही.

सांगून झाल्यावर तो लहान पोरासारखा रडला. मीही रडले. आणि त्या रावजी मिस्त्रीला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या.

आता ह्यातली गुंतागुंत ऐका. लग्न होऊन मस्कतला आलेली सुरैया, जिला मी ह्याची नुसती मानलेली बहीण समजत होते, ती शरीफची धाकटी बहीण निघाली. तिचा नवरा नुमान, अल मवालेहच्या भाजी बाजारात त्याचा फळांचा गाळा आहे. रामकृष्णाने ओमानात आल्यावर तिला शोधून काढलं. "शरीफबरोबर कामाला होतो," एवढंच सांगितलं. तेव्हापासून ती ह्याला भाई म्हणते. दर ईदला आमच्याकडे शीरखुर्मा येतो, दिवाळीला आमचा फराळ तिकडे जातो. तिच्या आईचे फोटो, शरीफचा शाळेतला एकुलता एक फोटो, सगळं तिने ह्याला दाखवलंय. तिच्या घरी गेला की हा माणूस वेगळाच दिसतो. जेवतो, दोन शब्द बोलतो. शरीफच्या घरातलं एवढंच एक माणूस ह्याच्या वाट्याला उरलंय.

आणि त्याच वर्षी सुरैयाच्या मुलीचं, उजमाचं लग्न ठरता ठरता अडलं. मुलगा चांगला, मुलीच्या मनातला. पण मुलाकडच्यांनी गावाकडे चौकशी केली आणि त्यांना कळलं, की मुलीचा मामा फिट येऊन गेला. घराण्यात आजार आहे म्हणाले. आता फिट येणं म्हणजे काय पाप आहे का? ज्यांना येते त्यांचे संसार होत नाहीत का? पण लोकांची तोंडं कोण धरणार. सुरैया फोनवर रडत होती. "वहिनी, माझ्या भावाला कधी काही आजार नव्हता. पण त्या मिस्त्रीनेच सांगितलं ना अम्मीला. तो कशाला खोटं बोलेल?"

मी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे वळले. "ऐकलंत? आता तरी तोंड उघडा."

तो खाली बघून म्हणाला, "खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, प्रेमा. फिट नव्हती तर काय होतं? करंट होता. मग ती विचारेल, बटण कोणी दाबलं? मग ती माझं तोंड बघेल का पुन्हा?"

"नाही बघणार कदाचित. म्हणून पोरीला घरात बसवून ठेवायची?"

"मी एकट्याने सांगून कोण ऐकणार? मिस्त्री म्हणतो फिट, मी म्हणतो करंट. लोक म्हणतील, भाऊ मानलाय म्हणून पोरीसाठी खोटं बोलतो."

हे मात्र खरं होतं. खरं माहीत असलेला दुसरा माणूस एकच, तो रावजी मिस्त्री.

आणि तोच स्वतःच्या पायांनी चालत आला. त्याचा मुलगा जितेश मस्कतमध्येच, कुरुमला कुठल्याशा ऑफिसात आहे. बायको बाळंत झाली म्हणून त्याने बापाला व्हिजिट व्हिसावर आणलं होतं. कुठून तरी आमचा नंबर मिळवून त्याने फोन केला. "बाबा रोज तुमचं नाव काढतात. माझा चेला ओमानात मोठा मिस्त्री झाला म्हणून सगळ्यांना सांगत असतात. शुक्रवारी आणू का तुमचं वर्कशॉप बघायला?"

रामकृष्ण म्हणाला, "आणा." आणि फोन ठेवला.

मी काय केलं ते सांगते. मी सुरैयाला फोन केला. "शुक्रवारी जेवायलाच या. तुमच्या भावाचे मिस्त्री येतायत. जे विचारायचं ते तोंडावर विचारा." आणि नवऱ्याला सांगितलं, की तिला बोलावलंय. तो काळाठिक्कर पडला. मला वाटलं आता भांडेल, फोन करून तिला येऊ नको म्हणेल. पण तो उठला आणि अंगणात टाकीपाशी जाऊन बराच वेळ नळाकडे बघत बसला.

शुक्रवारी सुट्टी, पण एका बागेचा पंप तातडीचा होता म्हणून हुसेनला बोलावलं होतं. पंप पाण्यावर चालवून बघायचा असतो, त्यामुळे मोटार अंगणात टाकीपाशीच मांडली होती. सुरैया आधी आली, नुमान तिला सोडून गाडी वळवायला गेला. मी तिला आमच्या दारातच खुर्ची दिली. मग जितेशची गाडी आली.

मी मनात राक्षस रंगवला होता. उतरला तो वाळलेला म्हातारा, काठी धरलेला, दातांची कवळी तोंडात हलवणारा. रामकृष्णाने वाकून नमस्कार केला. होय, केला! उलट्या हाताने पायाला स्पर्श केला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "रामा, लय मोठा झालास रं. माराने शिकलास म्हणून झालास." सगळीकडे फिरला, मोटारी ठोकून बघितल्या, भरलेल्या कॉइलवरून हात फिरवला. "माझाच हात हाय ह्यात," म्हणाला. मला जेवणाचं ताट उचलून त्याच्या डोक्यात घालावंसं वाटत होतं.

मग अंगणात आला. पंपावरचं ग्रीस हाताला लागलं म्हणून टाकीपाशी वळला, काठी जितेशकडे दिली आणि डाव्या हाताने नळ धरून उजवा हात धुवायला लागला. पायाखाली सगळं ओलं झालं.

तेवढ्यात हुसेन आपल्या सवयीने स्टार्टरपाशी गेला आणि खच्चून ओरडला, "शोरीफ, हात काढ!"

म्हातारा जागच्या जागी थिजला. पाणी वाहत होतं. "कोण शरीफ? कोणाला हाक मारतोय तो?"

"तुमच्या दुकानातला," रामकृष्ण म्हणाला. "ती त्याची बहीण बसलीय. तिला विचारायचंय, तिच्या भावाला काय झालं होतं."

म्हाताऱ्याने दाराकडे बघितलं. सुरैया उठून उभी राहिली. "अरे… फिट आली हुती ना त्याला," तो म्हणाला. "फिटच हुती. तू हुतास की तिथं, रामा."

"बरं," रामकृष्ण म्हणाला. आवाज एकदम शांत. "मिस्त्री, तसेच थांबा. उजवा हात उलटा करा. मोटारीला लावा. बॉडीला करंट येतो का बघू. हुसेन, बटन पे उंगली रख."

"अहो!" मी किंचाळले. जितेश पुढे धावला, पण रामकृष्णाने त्याच्यासमोर नुसता हात आडवा धरला. बाई गं, मला वाटलं, संपलं, माझा नवरा आज खुनी होणार.

"लावा की मिस्त्री. घाबरायचं नाही. तुम्हीपण असेच शिकलात ना?"

"रामा… मी नळ धरलाय."

"मग?"

"पायाखाली पाणी हाय रं."

"असू दे की. फिटवाल्याला नळाचं काय नि पाण्याचं काय? तुम्हाला तर फिटसुद्धा येत नाही. लावा हात."

नळ सोडायचंसुद्धा म्हाताऱ्याला सुचेना. हात अर्धवट उलटा झालेला, मोटारीपासून वीतभर लांब. आणि एकाएकी तो ओरडला, "असाच नळ धरला हुता रं त्यानं! असाच! नको… बटण नको दाबू, रामा!"

नुसता नळाचा आवाज. रामकृष्णाने दुसरा हात पाठीमागून पुढे आणला. त्यात मोटारीच्या वायरचं टोक होतं, मोकळं. मोटार कशालाच जोडलेली नव्हती. ते टोक त्याने म्हाताऱ्यासमोर जमिनीवर टाकलं आणि पुढे होऊन त्याची बोटं एकेक करून नळावरून सोडवली. जितेशने बापाला धरून गाडीत नेऊन बसवलं. जाताना माझ्याशी किंवा कोणाशीच त्याला नजर मिळवता आली नाही.

सुरैया टाकीपर्यंत चालत आली. नुमानही तोवर आला होता, त्याने सगळं ऐकलं होतं. मी मनात देवाचा धावा करत होते, की एवढ्यावर थांबू दे. पण ती काय दुधखुळी होती?

"भाई," ती म्हणाली, "तो तुम्हाला का म्हणाला, बटण नको दाबू म्हणून?"

रामकृष्णाने तिच्याकडे सरळ बघितलं. "कारण तेव्हा मीच दाबलं होतं."

ती वळली आणि गाडीत जाऊन बसली. ताटं वाढलेली तशीच राहिली. मी हाका मारल्या, तिने काच खाली घेतली नाही.

त्या ईदला शीरखुर्मा आला नाही. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. रामकृष्ण काम करायचा नि जेवायचा, एवढंच. मला वाटलं, मीच बोलावलं तिला, मीच ह्याचं घर तोडलं. आणि तरी पुन्हा वेळ आली असती तर मी पुन्हा बोलावलं असतं. ती पोरगी काय जन्मभर बसून राहिली असती?

हिवाळ्यात नुमानचा फोन आला. मुलाकडच्यांना त्याने सगळं सांगितलं होतं, जितेशनेही बापाला फोनवर बसवून कबूल करून घेतलं होतं. उजमाचा निकाह ठरला. "सुरैया म्हणते, दोघांनी यावं," तो म्हणाला, आणि जरा घुटमळला. "भाईला तिने एकच सांगितलंय. तिच्या समोर येऊ नये."

आम्ही गेलो. मवालेहला हॉल घेतला होता. मी बायकांत गेले, रामकृष्ण बाहेर मंडपाच्या टोकाला खुर्चीवर बसून राहिला. निघायची वेळ झाली तेव्हा उजमा सगळ्या वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद घेत घेत त्याच्यापाशी आली आणि वाकली. "मामू," म्हणाली. लहानपणापासून तसंच म्हणायची ती त्याला.

तो गडबडून उठला. हात वर केला, सवयीने उलटा, आणि तिच्या डोक्यापाशी आल्यावर तो हात तिथेच अडला. मी बघत होते. पलीकडे सुरैया उभी होती, तीही बघत होती. इतके महिने त्याच्याशी एक शब्द न बोललेली ती बाई तिथूनच म्हणाली, "भाई, सरळ हात ठेवा."

त्याने हात सरळ केला आणि ठेवला.

सुरैया पुढे आली नाही. आम्ही निझवाला परतलो. दुसऱ्या दिवशी हुसेनने बटणावर बोट ठेवलं आणि सवयीने तोंड उघडणार, तेवढ्यात रामकृष्णाने त्याला थांबवलं. स्वतः पुढे झाला, टाकीकडे तोंड करून, तेव्हा तोंडातच राहिलेली ती हाक मारली, "शरीफ, हात काढ," आणि नेहमीसारखा वाट बघत उभा राहिला.